लॅपटॉप लावला, केबल जोडली, तरी फायर पॅनल बोलत नाही

इमारतीच्या आगीच्या अलार्मचं पॅनल लॅपटॉपवरून वाचायचं किंवा प्रोग्रॅम करायचं असतं, आणि तेच जोडलं जात नाही. आधी लक्षणं. तुमचं यातलं नेमकं कुठलं ते ठरवा, म्हणजे पुढचं अर्धं काम वाचेल.

- 'कनेक्ट' दाबल्यावर सॉफ्टवेअर थोडा वेळ फिरतं आणि पॅनलकडून उत्तर नाही म्हणून थांबतं.
- यादीत कॉम पोर्ट (विंडोजने सीरियल जोडणीला दिलेला नंबर) दिसतच नाही, किंवा दिसतो पण उघडता येत नाही म्हणतो.
- कनेक्ट होतं, पण कॉन्फिगरेशन वाचताना मध्येच तुटतं, आणि दर वेळी वेगळ्या टक्क्यावर.
- टर्मिनलवर इव्हेंट लॉग येतो, पण अक्षरांच्या जागी कचरा.
- केबल लावली की पॅनलवर अर्थ फॉल्ट (वायरिंग अर्थिंगला टेकल्याची सूचना) येतो, काढली की जातो.
- मागच्या सर्व्हिसला याच लॅपटॉपवर, याच केबलने सगळं चाललं होतं. आज नाही.

शेवटचं लक्षण सगळ्यात जास्त भेटतं, आणि त्यावर पॅनलचं कार्ड बदलायची कोटेशनंही निघतात. खरं तर मधल्या काळात पॅनलला कोणी हात लावलेला नसतो, बदललेला असतो तो लॅपटॉप. विंडोजने अपडेटमध्ये ड्रायव्हर बदलला, किंवा यूएसबी-सीरियल कन्व्हर्टर (लॅपटॉपच्या यूएसबीवर सीरियल पोर्ट देणारा) वेगळ्या यूएसबी सॉकेटमध्ये गेला आणि पोर्टचा नंबर बदलला. म्हणून तपासणी लॅपटॉपच्या बाजूने सुरू करायची आणि पॅनलपर्यंत शेवटी पोचायचं.

हे सगळं अॅड्रेसेबल पॅनलबद्दल आहे, म्हणजे ज्यात प्रत्येक डिटेक्टरला स्वतःचा पत्ता असतो. चार किंवा आठ झोनच्या साध्या कन्व्हेन्शनल पॅनलला बहुधा प्रोग्रॅमिंग पोर्ट नसतोच, तिथे लॅपटॉप बॅगेतच ठेवा.

पॅनलचं दार उघडण्याआधी

पॅनलवर नुसते हूटर (अलार्मचे भोंगे) नसतात. लिफ्ट खाली आणणं, एएचयू (एसीची हवा फिरवणारं युनिट) बंद करणं, डक्टमधले डॅम्पर, प्रेशरायझेशन फॅन, दारांची मॅग्नेटिक कुलुपं, पीए सिस्टीम हे सगळं त्याच्या रिलेवर असू शकतं. नवं कॉन्फिगरेशन घेतल्यावर पॅनल रिस्टार्ट होतं आणि सगळे डिटेक्टर पुन्हा ओळखेपर्यंत काही मिनिटं जातात. काही पॅनल तर प्रोग्रॅमिंग मोडमध्ये गेल्याबरोबर डिटेक्टर बघणंच सोडतात. तेवढा वेळ इमारत आंधळी असते. म्हणून सिक्युरिटी केबिन, बीएमएसवाला (इमारतीच्या सगळ्या यंत्रणा कॉम्प्युटरवरून बघणारा) आणि बाहेर कुठे मॉनिटरिंग जात असेल तर तिथेही आधी कळवा, आउटपुट आयसोलेट करा, काय काय आयसोलेट केलं ते कागदावर लिहा आणि मजल्यांवर फिरायला एक माणूस ठेवा. हॉस्पिटल असेल तर ही गोष्ट वॉर्डच्या सिस्टरनाही माहीत हवी.

पॅनलला गॅस सप्रेशन जोडलेलं असेल, म्हणजे सर्व्हर रूमचे किंवा इलेक्ट्रिक पॅनल रूमचे सिलिंडर असतील, तर इथेच थांबा. सॉफ्टवेअरमधून आयसोलेट करणं तिथे पुरत नाही. सिलिंडरचा अॅक्च्युएटर प्रत्यक्ष वेगळा करावा लागतो आणि ते काम ती सिस्टीम लावणाऱ्या प्रशिक्षित माणसाचं.

पहिली पायरी, फुकट: पोर्ट आहे का आणि कोणाकडे आहे

डिव्हाइस मॅनेजर उघडा, पोर्ट्सचा गट पसरवा आणि कन्व्हर्टर काढून पुन्हा लावा. एक ओळ जायला हवी आणि परत यायला हवी. तिच्यापुढचा नंबर हाच तुमचा कॉम पोर्ट. सॉफ्टवेअरमध्ये तोच निवडलाय का ते बघा. स्वस्त कन्व्हर्टरच्या चिपमध्ये बहुधा स्वतःचा सीरियल नंबर नसतो. त्यामुळे तो वेगळ्या यूएसबी सॉकेटमध्ये घातला की विंडोज त्याला नवीन वस्तू समजून नवा कॉम नंबर देतं. लॅपटॉपच्या एका सॉकेटजवळ टेपचा तुकडा लावून टाका आणि कन्व्हर्टर कायम तिथेच घाला. हास्यास्पद वाटतं, पण बऱ्याच चकरा वाचतात.

नंबर नऊच्या पुढे गेला असेल तर बरीच जुनी प्रोग्रॅमिंग सॉफ्टवेअर तो पोर्ट उघडू शकत नाहीत; काहींची यादी कॉम-४ वरच संपते. पोर्टच्या प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट सेटिंग्ज, मग अॅडव्हान्स्ड, तिथून नंबर खाली आणा. हवा तो नंबर 'वापरात' असं दाखवत असेल तर बहुतेक वेळा तो पूर्वी लावलेल्या एखाद्या कन्व्हर्टरने अडवलेला असतो. व्ह्यू मेन्यूतून लपलेली डिव्हाइस दाखवा आणि फिकट दिसणाऱ्या जुन्या नोंदी काढून टाका.

पोर्ट दिसतो पण उघडत नाही, याचा अर्थ दुसऱ्या कोणीतरी तो धरून ठेवलाय. एका कॉम पोर्टवर एका वेळी एकच प्रोग्रॅम बसतो. मागे उघडं राहिलेलं टर्मिनल, दुसऱ्या कंपनीच्या पॅनलचं सॉफ्टवेअर, क्रॅश होऊन पार्श्वभूमीला अडकलेली तीच प्रोसेस. टास्क मॅनेजरमधून बंद करा, नाहीतर सरळ रिस्टार्ट.

ओळीवर पिवळा त्रिकोण असेल तर प्रश्न ड्रायव्हरचा. प्रोलिफिकच्या जुन्या पीएल२३०३ चिप आणि त्यांच्या नकला यात नेहमी सापडतात. नवा ड्रायव्हर त्यांना ओळखून मुद्दाम नाकारतो. कधी 'कोड १०' येतो, तर कधी डिव्हाइसच्या नावाच्या जागीच ही चिप २०१२ पासून बंद झाली आहे अशी ओळ येते. जुना ड्रायव्हर टाकला की चालू होतं, आणि पुढच्या अपडेटला विंडोज पुन्हा नवा बसवतं. इथून तो 'मागच्या वेळी चालत होतं'चा फेरा सुरू होतो. त्यात फिरत राहण्यापेक्षा एफटीडीआय चिपचा अस्सल कन्व्हर्टर घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात तीच छाप असलेला नकली मालही मिळतो, तेव्हा फारच स्वस्त मिळाला तर घेऊ नका.

दुसरी पायरी: लूपबॅक

ही चाचणी पाच मिनिटांची आहे आणि ती न करता पॅनल उघडणं म्हणजे अंधारात स्क्रू शोधणं. इथे पॅनलच्या डिटेक्टर लूपशी काही संबंध नाही, फक्त कन्व्हर्टरने पाठवलेलं त्यालाच परत मिळतं का हे बघायचं.

कन्व्हर्टरचा डीबी-९ कनेक्टर समोर धरा, पाच पिनांची ओळ वर. पिनांवाला, म्हणजे मेल कनेक्टर असेल तर डावीकडून १ ते ५. दोन आणि तीन नंबरच्या पिना एका छोट्या वायरने जोडा. पुट्टी (फुकट मिळणारा टर्मिनल प्रोग्रॅम) उघडा, सीरियल निवडा, तुमचा कॉम नंबर, स्पीड ९६००, फ्लो कंट्रोल 'नन'. आता काहीही टाइप करा. अक्षरं स्क्रीनवर उमटली पाहिजेत. वायर काढा, अक्षरं यायची थांबली पाहिजेत. दोन्ही झालं तर ड्रायव्हर, कन्व्हर्टर आणि पोर्ट नंबर तिन्ही ठीक. वायर काढल्यावरही अक्षरं येत राहिली तर टर्मिनलचं लोकल एको (टाइप केलेलं स्वतःच स्क्रीनवर दाखवणं) चालू आहे आणि तुम्ही काहीच तपासलेलं नाही.

मग तीच चाचणी केबलच्या दुसऱ्या टोकाला करा, जे टोक पॅनलला लागतं तिथे. केबल कन्व्हर्टरला लावा, पॅनलला नाही, आणि त्या टोकाच्या पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या वायरी जोडा. कन्व्हर्टरवर पास आणि इथे नापास, म्हणजे केबल आत कुठेतरी तुटलीय. बहुधा कनेक्टरच्या हुडजवळ, जिथे ती रोज वाकते.

तिसरी पायरी: पॅनल बोलायला तयार आहे का

लॅपटॉपची बाजू पक्की झाल्यावरच पॅनलकडे वळा, आणि अजूनही फक्त कीपॅडवर.

बऱ्याच पॅनलचा पोर्ट एरवी बंद असतो. युरोपीय ईएन ५४-२ प्रमाणे बनलेल्या पॅनलमध्ये चार अॅक्सेस लेव्हल असतात: पहिली कोणालाही, दुसरी किल्ली किंवा कोड असलेल्या ऑपरेटरला, तिसरी कॉन्फिगरेशन करणाऱ्या इंजिनिअरला, चौथी दुरुस्ती करणाऱ्याला. लॅपटॉपला सहसा तिसरी लागते. सायलेन्स आणि रिसेट चालतं म्हणजे कोड बरोबर आहे असं समजू नका, ती दुसरीच लेव्हल असते. कुठे मेन्यूतून पीसी मोड चालू करावा लागतो, तर कुठे बोर्डवरचा मेमरी लॉकचा जंपर किंवा स्विच बदलावा लागतो. काही मिनिटं कळ दाबली नाही की पॅनल आपोआप पहिल्या लेव्हलवर येतं आणि तुमचं कनेक्शन तोडतं, हेही ध्यानात ठेवा.

त्याच पोर्टवर प्रिंटर, ग्राफिक्सचा पीसी किंवा बीएमएसचा गेटवे आहे का? आरएस-२३२ वर दोनच जण बोलू शकतात, तिसरा नाही. आधीची वायर काढावी लागेल. काढण्याआधी फोटो घ्या, वायरीला चिठ्ठी लावा, आणि ती काढल्यावर पॅनल फॉल्ट दाखवणार हे धरून चाला. परत लावल्यावर तो फॉल्ट गेला पाहिजे.

आता सॉफ्टवेअर. पॅनलचं मॉडेल आणि फर्मवेअरचं (पॅनलच्या आतल्या सॉफ्टवेअरचं) व्हर्जन पॅनलच्या डिस्प्लेवरून वाचा, दारावरच्या स्टिकरवरून नाही. मधे कोणी बोर्ड बदललेला असू शकतो. फर्मवेअर नवं आणि सॉफ्टवेअर जुनं असेल तर काही सॉफ्टवेअर साफ सांगतात, काही नुसतीच गप्प बसतात. खूप जुनी १६-बिट सॉफ्टवेअर ६४-बिट विंडोजवर चालतच नाहीत. त्यासाठी एखादा जुना ३२-बिट लॅपटॉप जपून ठेवणारे लोक उगाच जपत नाहीत.

चौथी पायरी: केबल आणि मल्टीमीटर

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. डीबी-९ दोन्हीकडे बसतो म्हणून केबल बरोबर असते असं नाही. एका पॅनलला सरळ केबल लागते, दुसऱ्याला क्रॉस, म्हणजे २ आणि ३ अदलाबदल केलेली. तिसऱ्याच्या टर्मिनलवर नुसते तीन स्क्रू असतात आणि अक्षरं पुसलेली असतात. अंदाज करू नका, मीटर लावा.

मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, काळी प्रोब सिग्नल ग्राउंडला. कन्व्हर्टरवर ती ५ नंबरची पिन. लाल प्रोब ३ वर: काहीही न पाठवणाऱ्या पोर्टवर उणे ५ ते उणे १० व्होल्टच्या आसपास काहीतरी दिसेल. पाठवणारी वायर गप्प असताना निगेटिव्ह असते, हे आरएस-२३२ चं लक्षण. २ वर जवळपास शून्य, कारण तिथे लॅपटॉप फक्त ऐकतो. पॅनलच्या टोकाला हेच करा. जी पिन निगेटिव्ह दाखवते ती पॅनलची पाठवणारी. आता केबलने लॅपटॉपची पाठवणारी पॅनलच्या ऐकणारीवर आणि पॅनलची पाठवणारी लॅपटॉपच्या ऐकणारीवर गेली पाहिजे. जोडल्यावर परत मोजा: २ आणि ३, दोन्ही निगेटिव्ह हवेत. एक निगेटिव्ह आणि दुसरी शून्य असेल तर दोघेही एकाच वायरीवर बोलतायत आणि ऐकणारा कोणी नाही. क्रॉस अॅडाप्टर लावा; हवाच असं नाही, दोन वायरी अदलाबदल केल्या तरी तेच.

पॅनलच्या पिनवर निगेटिव्हऐवजी अधिक ३.३ किंवा अधिक ५ व्होल्ट दिसले तर हात मागे घ्या. तो टीटीएल पातळीचा, म्हणजे थेट चिपच्या कमी व्होल्टेजवर चालणारा पोर्ट आहे. त्याला कंपनीची खास केबल लागते, जिच्या मधोमध एक छोटं सर्किट असतं. आपला साधा कन्व्हर्टर लावला तर आरएस-२३२ चं व्होल्टेज त्या चिपला मारू शकतं. तसंच, बोर्डवर आरजे-४५ दिसलं म्हणजे ते इथरनेट असेलच असं नाही. काही पॅनल त्याच सॉकेटमधून सीरियल देतात, तिथे लॅनची केबल लावून नेटवर्क स्विचला जोडू नका. ए आणि बी अशी अक्षरं असलेले दोन स्क्रू म्हणजे आरएस-४८५, त्याला वेगळा कन्व्हर्टर.

अक्षरं येतायत पण कचरा, तर वायरी बरोबर आहेत आणि स्पीड चुकलाय. ९६००, १९२००, ३८४००, ५७६००, ११५२०० या क्रमाने बघा. बहुतेक ठिकाणी ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप; काही जुन्या प्रिंटर पोर्टना ७ बिट आणि इव्हन पॅरिटी लागते. काही ओळी नीट आणि मधे शब्द गायब असतील तर फ्लो कंट्रोलकडे (दोन्ही बाजूंनी एकमेकांना 'थांब', 'पाठव' सांगण्याची पद्धत) बघा.

मध्येच तुटत असेल तर

आधी विंडोजची वीज वाचवायची हौस बंद करा. डिव्हाइस मॅनेजरमधल्या यूएसबी रूट हबच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंटखाली 'हे डिव्हाइस बंद करण्याची परवानगी' वरची खूण काढा, पॉवर प्लॅनमधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद, स्लीप बंद, अपडेट थांबवलेले. एफटीडीआय कन्व्हर्टर असेल तर अॅडव्हान्स्डमध्ये लेटन्सी टायमर १६ मिलिसेकंदांवर असतो, तो १ करा. बारीक बारीक पॅकेट पाठवून प्रत्येकाच्या उत्तराची वाट बघणारी सॉफ्टवेअर एवढ्यानेच सुधारतात. यूएसबी केबल ५ मीटरच्या आत ठेवा, बाहेरून लावायचा यूएसबी हब मधे नको.

ज्यांचं पॅनल इथरनेटने जोडतं त्यांच्यासाठी थोडक्यात: लॅपटॉपचा आयपी १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्याला पत्ता मिळालेलाच नाही. पॅनलचा आयपी मेन्यूतून वाचा, लॅपटॉपला त्याच रांगेतला पण वेगळा शेवटचा आकडा आणि २५५.२५५.२५५.० मास्क हाताने द्या, वायफाय बंद करा, मग पिंग. पिंग जातं पण सॉफ्टवेअर जोडत नाही, तर विंडोज फायरवॉल.

केबल लावली की अर्थ फॉल्ट

यात पॅनल बिघडलेलं नसतं, ते खरंच बोलत असतं. पॅनलची २४ व्होल्टची बाजू अर्थपासून मुद्दाम वेगळी ठेवलेली असते आणि पॅनल सतत बघत असतं की ती कुठे अर्थला टेकत तर नाही ना. तुमच्या लॅपटॉपच्या तीन पिनांच्या चार्जरमध्ये डीसी निगेटिव्ह बहुतेक वेळा अर्थला जोडलेला असतो. निगेटिव्हवरून यूएसबीचं ग्राउंड, तिथून कन्व्हर्टरची ५ नंबर पिन, तिथून पॅनलचा शून्य व्होल्ट. म्हणजे अर्थला टेकवलं तुम्हीच.

उपाय फुकट आहे: चार्जर काढा, बॅटरीवर काम करा. पूर्ण चार्ज करूनच साइटवर जा. एचडीएमआयने जोडलेला मॉनिटर किंवा स्वतःचा सप्लाय असलेला हबसुद्धा हेच करतो, तोही काढा.

दोन पिनांचा चार्जर म्हणजे सुटका, असं मात्र नाही. त्याच्या आतल्या कपॅसिटरमधून येणाऱ्या गळतीमुळे लॅपटॉपचं ग्राउंड मेनच्या व्होल्टेजच्या निम्म्याच्या आसपास तरंगतं. लॅपटॉपच्या धातूच्या कडेला हात लावल्यावर मुंग्या येतात त्या याच. करंट किरकोळ असतो, पण केबल टेकवण्याच्या क्षणी पोर्टची चिप जायला तेवढा पुरतो. जुन्या इमारतींत सॉकेटला अर्थिंग नसतं, तिथे तीन पिनांचा चार्जरही असाच वागतो. म्हणून जोडताना चार्जर लावलेला नकोच. नेहमी हेच काम असेल तर आयसोलेटेड यूएसबी-सीरियल कन्व्हर्टर घ्या, किंवा मधे १२ एमबीपीएसचा यूएसबी आयसोलेटर टाका. सीरियलसाठी तो पुरतो.

केबल काढूनही अर्थ फॉल्ट राहिला तर तो लॅपटॉपचा नाही, फील्ड वायरिंगचा आहे.

जोडलं गेल्यावर पहिलं बटण

पहिलं काम एकच: पॅनलमधलं कॉन्फिगरेशन लॅपटॉपवर घ्या आणि साइटचं नाव व तारीख घालून दोन ठिकाणी ठेवा. आणि इथे नीट वाचा, कारण एका सॉफ्टवेअरमध्ये 'डाउनलोड' म्हणजे पॅनलमधून लॅपटॉपवर, तर दुसऱ्यात लॅपटॉपमधून पॅनलवर. बाणाची दिशा उलटी समजून रिकामी फाइल पॅनलवर ढकलली की शेकडो डिटेक्टरांची नावं आणि कॉज-इफेक्ट (कुठला डिटेक्टर लागला की काय चालू-बंद व्हायचं ते नियम) पुसले जातात. खात्री नसेल तर मॅन्युअल उघडा, बटण नाही. पाठवायचं असेलच तर फक्त नुकत्याच घेतलेल्या प्रतीवर बदल करून, मागच्या वर्षीच्या फाइलवरून नाही.

इथे थांबा आणि बोलवा

कोड मिळत नसेल तर इंटरनेटवरचे डिफॉल्ट कोड मारत बसू नका. काही पॅनल चुकीच्या प्रयत्नांनंतर लॉक होतात. आतल्या सप्लायजवळ २३० व्होल्ट उघडं असेल, पोर्टजवळ करपल्याचा वास किंवा काळा डाग असेल, पाठवताना मध्येच तुटून पॅनल मेमरी किंवा चेकसमचा फॉल्ट दाखवत असेल, लूपबॅक आणि मीटर दोन्ही पास होऊनही पॅनल गप्प असेल, तर पुढचं काम कंपनीच्या सर्व्हिस इंजिनिअरचं. फर्मवेअर अपडेटही त्याच्यावरच सोडा.

महाराष्ट्रात आणखी एक बाजू आहे. २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायद्याप्रमाणे मालक किंवा भोगवटादाराने दर जानेवारी आणि जुलैत आग यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं फॉर्म बी प्रमाणपत्र द्यायचं असतं. लॉग वाचणं, फॉल्ट शोधणं हे सोसायटीच्या टेक्निशियनने खुशाल करावं. पण त्या एजन्सीला न सांगता कॉज-इफेक्ट बदललं तर तिने ज्यावर सही केलीय ती सिस्टीम आता ती नाही. एखादा कटकट्या डिटेक्टर लॅपटॉपवरून कायमचा काढून टाकणं हा त्यातलाच प्रकार.

निघण्याआधी

सॉफ्टवेअरमधून नीट डिस्कनेक्ट करा, मग केबल. मेमरी लॉकचा जंपर परत जागेवर, प्रिंटर किंवा बीएमएसची वायर फोटो बघून परत. पॅनलचं घड्याळ फोनशी ताडून बघा. काही सॉफ्टवेअर लॅपटॉपची वेळ पॅनलवर टाकतात, आणि ती चुकीची असेल तर पुढच्या घटनेचा लॉग निरुपयोगी. कागदावरच्या यादीप्रमाणे एकेक आयसोलेशन काढा. मग एका डिटेक्टरला टेस्ट स्मोक देऊन आणि एक एमसीपी (भिंतीवरचं हाताने दाबायचं अलार्मचं बटण) दाबून बघा: पॅनलवर बरोबर नाव येतंय, हूटर वाजतोय, लॉगमध्ये नोंद पडतेय. तिन्ही झाल्यावर रिसेट करा, डिस्प्ले नॉर्मल आल्याचं बघा आणि सिक्युरिटीला काम संपल्याचं कळवा.